अफूचा आरोप आणि वर्ध्याचा साक्षीदार

समुद्रपूर तालुक्यात कापूस घरात येण्याच्या दिवसांत धर्मावर वाद घालायला कुणाला सवड नसते. ओलाव्याच्या नावाखाली किती कापणार, चुकारा कधी हाती पडणार, सोसायटीचे कर्ज नवे-जुने होईल का, हे प्रश्न आधीचे. तरीही एक मत इथे बारा महिने फुकट मिळते. चहाच्या टपरीवर ते जेवढ्या खात्रीने सांगितले जाते, तेवढ्याच खात्रीने शिकल्यासवरल्यांच्या बैठकीतही. अडचणीत आलेल्या घरात येशूची प्रार्थना सुरू झाली, की समजावे त्या घराला एक तर काहीतरी मिळाले, नाहीतर ते घर हरले. त्या घरातली बाई म्हणालीच की दुःख आहे तसेच आहे, पण मनात आनंद आहे, तर त्या आनंदाचे निदानही तयार असते. एक पक्ष म्हणतो ही लालूच, दुसरा म्हणतो ही अफू.

एरवी हे दोन पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. एक धर्माभिमानी, दुसरा धर्म झटकून टाकलेला. या एका मुद्द्यावर मात्र दोघे शेजारी बसतात, कारण दोघांचे गृहीत एकच आहे: गरिबाचा आनंद त्याचा स्वतःचा असूच शकत नाही, तो कुणीतरी त्याला दिलेला किंवा पाजलेला असतो. माझा वाद या गृहीताशी आहे.

लालचीचा आरोप आधी निकालात काढू, कारण तो हिशेबाचा आहे आणि हिशेबाने तपासता येतो. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० सालचा. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्या बाहेर आहे. बाप्तिस्मा घेतला की राखीव मतदारसंघ गेला, नोकरीतला वाटा गेला, अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण गेले. राज्यात फार तर इतर मागासवर्गाच्या यादीत जागा मिळते. गावाच्या नजरेतली जात मात्र जागची हलत नाही. एवढे गमावून जो ख्रिस्ती होतो त्याला लालची म्हणायचे असेल, तर लालचीचा अर्थ कोशात बदलून घ्यावा लागेल.

दुष्काळात मिशनने धान्य वाटले आणि त्या वर्षांत बाप्तिस्मे वाढले, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण धान्य एका हंगामात संपते. त्या धान्यावर चार पिढ्या उपासनेला येत राहिल्या, हे स्पष्टीकरण स्वीकारायचे तर माणसाच्या पोटाला अचाट स्मरणशक्ती आहे असे मानावे लागेल.

आणि मोजमाप सगळ्यांना सारखे लावावे. आपल्याच तालुक्यात गिरड आहे. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसे नवस घेऊन चढतात. कुणाला मूल हवे असते, कुणाची कोर्टकचेरी अडलेली असते, कुणाच्या घरचे आजारपण हटत नसते. त्यांना काय मिळाले म्हणून ती चढली, असे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. जो संकटात आहे तो आधार शोधतो. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? मग टेकडी चढणारा श्रद्धाळू आणि घरात बसून प्रार्थना करणारा विकला गेलेला, हा भेद कुठल्या न्यायाने?

दुसरा आरोप इतक्या सहज उडवून लावता येत नाही. त्याचे सर्वांत धारदार रूप मार्क्सने मांडलेले नाही. विदर्भात तरी ते बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीतून आलेले आहे, आणि ज्याला प्रतिवाद करायचा आहे त्याने आरोपाचे दुबळे रूप निवडू नये. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाबद्दल आणि धर्मांतरितांच्या स्थितीबद्दल बाबासाहेबांनी लिहिलेले इंग्रजी लेख महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी चर्चमध्ये जात त्याच्या मागोमाग आली. सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज एकवटून लढायला उठला नाही. आणि याचे कारण त्याला मिळालेल्या शिकवणीतच आहे: माणसाचे पतन मूळ पापामुळे झाले असे त्याला सांगितले गेले, त्यामुळे आपली अवस्था परिस्थितीने, व्यवस्थेने, दुसऱ्या माणसांनी घडवली आहे हे त्याला दिसेनासे झाले. पापाची क्षमा मिळाली की तो समाधानी, आणि समाधानी माणूस लढत नाही.

हा आरोप मिशनच्या बऱ्याच उपदेशाला तंतोतंत लागू पडतो. दफनभूमीतसुद्धा जात पाळणाऱ्या मंडळ्या या देशात होत्या आणि आहेत. गोऱ्या सरकारच्या छायेत बसून गरिबाला सहनशीलतेचे धडे देणारे पाद्री होते. बाबासाहेबांनी चर्चच्या पदरात टाकलेले हे माप चर्चने निमूट घ्यावे. पण त्यांच्या युक्तिवादात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. चर्चने श्रद्धेचे काय केले, ही एक. दुःखात लाभणाऱ्या आनंदाचा स्वभाव काय, ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष निघत नाही. तो निघतो का हे पाहायचे तर ज्यांच्या आयुष्यात हा आनंद खरोखर उतरला, त्यांच्याकडे जावे लागेल.

त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, वर्ध्याच्या मगनवाडीत, असा एक माणूस राहत होता. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. लंडनला हिशेबतपासनीस झाला, मुंबईत व्यवसाय केला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला. तिथे सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना त्याच्या हातातल्या आकड्यांनी त्याला सांगितले की भारताच्या दारिद्र्याला ब्रिटिशांची करव्यवस्था कशी कारण आहे. त्याने घराण्याचे जुने नाव परत घेतले आणि जे. सी. कुमारप्पा झाला. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली, सुटाबुटाच्या जागी खादी आली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला; जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर त्याचे काम उभे राहिले आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाश्या: ज्या उद्योगांकडे अर्थशास्त्री ढुंकूनही पाहत नव्हते, त्यांचा हिशेब हा कोलंबियाचा पदवीधर मांडत बसला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या उद्योगांची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षपदही त्याने भूषवले. आपला समुद्रपूरचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता.

हा माणूस जन्माने ख्रिस्ती आणि मरेपर्यंत ख्रिस्ती. आता त्याच्या श्रद्धेने त्याला गप्प बसवले का, ते पाहू. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पोलिसांच्या लाठ्या निःशस्त्र माणसांच्या डोक्यांवर पडत होत्या आणि मिशनरी बहुतांशी गप्प होते. कुमारप्पांनी ख्रिस्ती सेवकांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले. हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांची भूमिका अशी होती की कायदेभंग येशूच्या शिकवणीला धरून नाही. एका सामान्य उपासकाने आपल्या सर्वोच्च धर्मगुरूला छापील उत्तर दिले, आणि सत्याग्रहाची बाजू येशूच्याच शिकवणीतून मांडली. 'यंग इंडिया'च्या कामापायी तुरुंग झाला, १९३२ मध्ये पुन्हा झाला, १९४२ नंतर पुन्हा. त्या शेवटच्या कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचार-विचारांवर, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्ही पुस्तकांना १९४५ मध्ये गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या, आणि धर्माचा व ग्रामोद्योगाचा अशा दोन डॉक्टरकीच्या पदव्या या माणसाला गमतीने बहाल केल्या.

या दोन पुस्तकांचा जन्म एका कोठडीत झाला, हा योगायोग मी मानत नाही. दुसऱ्या पुस्तकात कुमारप्पा निसर्गातल्या व्यवहारांवरून अर्थव्यवस्थांचे पाच प्रकार सांगतात: परजीवी, लुटारू, उद्यमी, समूहाच्या हिताची आणि सर्वांत वर सेवेची. यातली पहिली दोन कुठल्या बाजारात दिसतात हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. सर्वांत वरची, आई पिल्लासाठी झिजते तशी, परतफेडीचा हिशेब न ठेवणारी. ही चढण अर्थशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवली जात नव्हती. ती गिरिप्रवचनातून आली होती. ज्याची बढती, मिळकत, प्रकृती सगळे तुरुंगाने खाल्ले, तो माणूस कडवट आठवणी लिहीत बसला नाही. जग कसे चालावे याचा आराखडा मांडत बसला. याला समृद्धी म्हणायचे नसेल तर काय म्हणायचे? आणि ही अफू असेल, तर ब्रिटिश सरकारने अफू प्यालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा कोंडण्याची तसदी का घेतली?

कुणी म्हणेल, कुमारप्पा सुशिक्षित, खात्यापित्या घरचे. गरिबी त्यांनी निवडली होती, त्यांच्यावर लादली गेली नव्हती. आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. यांच्यावर सगळेच लादले गेले होते. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या भटकंतीत गेली. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच नवरा गेला, पदरी तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांच्या आश्रयाला होत्या त्याच धर्मभगिनींशी आणि बिशपांशी वाद सुरू केला: माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात उतरल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली गोळा करून घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. १९०५ मध्ये तिथे जो आध्यात्मिक उत्साह उसळला, मुली रात्ररात्र प्रार्थनेत आणि गाण्यात दंग राहिल्या, त्याची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत झाली.

चिकित्सक वाचक इथेच थांबतो आणि म्हणतो, पाहा, उन्माद. त्याने थोडे मागे जाऊन १८९७ साल पाहावे. पुण्यात प्लेगचा कहर होता आणि सरकारी छावण्या-रुग्णालयांत स्त्रियांची जी दशा होत होती, ती याच रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. ज्या सरकारच्या धर्माचा त्यांनी स्वीकार केला असे लोक म्हणत होते, त्या सरकारच्या गव्हर्नरला खुलासे करावे लागले. गाणारी आणि जाब विचारणारी बाई एकच होती. गाण्याने जाब बोथट झाला नाही.

तिसरी साक्ष मराठी वाचकाच्या घरातलीच आहे, म्हणून थोडक्यात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मुळापासून उखडला. नातलग तुटले, नवरा काही वर्षे दुरावला, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला पायाखालची जमीन नव्याने शोधावी लागली. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्या कुणाच्या दबावाने नव्हे. आपल्या मनातली शिवाशिव आधी गळून पडली, मग धर्म आला. 'स्मृतिचित्रे' वाचताना माणूस हसतो. ओढगस्त, प्लेग, मिळेल ते वाटून टाकणारा नवरा, परक्यांची पोरे आपली म्हणून वाढवणे, हे सगळे त्यात आहे आणि तरीही ते पुस्तक रडवत बसत नाही. अफू प्यालेल्या माणसाला विनोद सुचत नाही. विनोदाला डोळे टक्क उघडे लागतात. आणि खुद्द टिळक? ज्या मिशनचे मीठ खाल्ले ते शेवटी सोडून, १९१७ मध्ये पगार नाकारून, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडायला निघाले.

तीन साक्षी, आणि तिन्हींत एक गोष्ट समान. ज्यांचा आनंद सर्वांत खोल, त्यांनीच आपापल्या चर्चला सर्वांत जास्त त्रास दिला. बाबासाहेबांना जे समाधान दिसले ते संस्थेने पुरवलेले समाधान होते. हा आनंद त्याहून वेगळ्या जातीचा आहे, आणि त्याला कारण आहे.

कारण शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाचा प्रसंग आहे. शिष्य येशूला विचारतात की हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय धुडकावतो. ईयोबाच्या ग्रंथात तर, तुझेच काहीतरी चुकले असेल म्हणणाऱ्या शहाण्या मित्रांना शेवटी देवच खडसावतो. दुःख म्हणजे तुझ्या पापाची पावती, हा उपदेश ज्या कुणी पाळकाने केला असेल, त्याने आपल्याच शास्त्राविरुद्ध केला. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी राज्यसत्तेने गुन्हेगारांच्या रांगेत टांगलेला माणूस आहे. ज्या धर्माचा देवच हरलेल्या माणसासारखा मेला, तिथे हरणे हा देवाने टाकून दिल्याचा पुरावा ठरू शकत नाही. दुःखातल्या आनंदाचे मूळ इथे आहे. दुःख चांगले असते म्हणून हा आनंद नाही. दुःखाने माझी किंमत ठरत नाही, म्हणून आहे.

ज्याची किंमत दुसऱ्याच्या हातात नाही त्याला घाबरवणे अवघड. पौलाची गोष्ट पाहा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सिलाला फटके मारून खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री दोघे गात होते. एवढा भाग रविवारी हमखास सांगितला जातो. पुढचा फार कमी वेळा. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की यांना सोडून द्या. पौल जायला तयार नाही. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. अधिकाऱ्यांना यावे लागले, विनवावे लागले. मध्यरात्रीचे गाणे आणि सकाळचा हा हट्ट, एकाच माणसाचे. पहिला भाग सांगून दुसरा गिळणारा उपदेशक खरोखरच अफू विकतो, आणि टीकाकाराने त्याला धरले तर मी टीकाकाराच्या बाजूने उभा राहीन.

आता सर्वांत अवघड प्रश्न, जो पुस्तकातून येत नाही, सातबाऱ्यावरून येतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, कारण शेतकरी जीव देत होते. त्या सहांत वर्धा होता. त्यानंतर गुलाबी बोंडअळी आली, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, आणि बातम्या थांबल्या नाहीत. ज्याची पराटी उभ्याची उभी उपटावी लागली, त्याला आनंदाबद्दल बोलणे ही थट्टा नाही का?

आनंद हा उपाय म्हणून विकला तर थट्टाच आहे, आणि क्रूर थट्टा आहे. प्रार्थनेने कर्ज फिटत नाही. विश्वास ठेवा, धंदा वाढेल, रोग जाईल, असे सांगत फिरणारे जे कुणी आहेत, ते येशूला सावकाराच्या गादीवर बसवतात: आधी विश्वास भरा, मग व्याजासकट आशीर्वाद उचला. आशीर्वाद आला नाही की दोष पुन्हा गरिबाच्याच माथी, विश्वास कमी पडला म्हणून. ईयोबाचे मित्र परत आले म्हणायचे.

पण कर्जाला आकड्याखेरीज आणखी एक अंग असते. बँकेची नोटीस दारावर लागते, पाहुण्यांत मान खाली जाते, मुलीची सोयरीक मोडते, बाजारात ओळखीचा माणूस रस्ता बदलतो. माणसाचे मोल त्याच्या पिकाला मिळालेल्या भावावर ठरू लागते आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागते. श्रद्धा इथे काम करते. आठ-दहा माणसे घरी येतात, ओटीवर बसतात, नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि तो कर्जबाजारी नसून माणूस आहे हे त्याला पुन्हा ऐकू येते. असा आधार विहारात मिळतो, गुरुदेव सेवा मंडळात मिळतो, वारीत मिळतो. ख्रिस्ती माणसाने त्यावर मक्ता सांगू नये. पण त्याला जिथे मिळाला तिथे तो खरा आहे, एवढे तरी शेजाऱ्याने मान्य करावे. ज्याची मान सरळ झाली तोच उद्या तहसीलवर विम्याचा जाब विचारायला जातो. खचलेल्यांचे मोर्चे निघत नाहीत.

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. पाळकांनी आनंदावर बोलताना भावावर, विम्यावर, मंडळीतल्या जातीवरही बोलावे. कुमारप्पांना एका कोठडीत दोन्ही जमले, तुम्हाला एका व्यासपीठावर जमायला हवे. आणि टीकाकारांनी हा आनंद कुठून आला याची झडती घेण्यापेक्षा त्याने काय केले हे तपासावे. त्याने माणसाला अन्यायापुढे वाकवले असेल तर तो फेकून द्या, त्यावर कुठल्याही देवाचे नाव असो. त्याने माणसाला उभे केले असेल, तर त्याला अफू म्हणणे हा अपमान आहे, आणि तो त्या देवाचा नसून त्या माणसाचा आहे. समुद्रपूरच्या गरिबाने अपमान पुष्कळ सोसले आहेत. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी किंवा धर्मरक्षक म्हणवणाऱ्यांनी त्यात आपली भर घालू नये.